मदत हवी आहे: डामाच्या स्फटिकात किरणोत्सार 'वाढेल' कसा?

नमस्कार मंडळी,

भाचीच्या कॉलेजात कृष्णद्रव्यावर (डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य) बोलायचं कबूल करून बसलोय आणि एका जागी गाडी अडलीये.

डामा हा कृष्णद्रव्य शोधणारा प्रयोग, म्हणजे इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली ठेवलेले सोडियम आयोडाइडचे स्फटिक; कण आदळला की त्यांत उजेडाची ठिणगी पडते नि ती मोजली जाते. स्फटिक आधी साधारण १०० किलो, २००३ पासून २५०. सूर्य आकाशगंगेत सेकंदाला २२०-२३० किमी वेगाने धावतो. जूनमध्ये पृथ्वीचा फेरा त्यात साधारण १५ किमीची भर घालतो, डिसेंबरात तेवढीच घट. म्हणजे कृष्णद्रव्याचा समोरून येणारा वारा २ जूनच्या आसपास सर्वांत जोरात. डामाला ठिणग्यांच्या संख्येत तसा चढउतार वर्षानुवर्षं दिसत आलाय. इथवर ठीक, सायकलवर तोंडावर येणाऱ्या वाऱ्याचं उदाहरण दिलं की पोरांनाही कळेल.

द्रवरूप झेनॉन वापरून कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांना काही सापडलं नाही तेव्हा 'पदार्थच वेगळा' म्हणून सोडता येत होतं. पण स्पेनमधला अनाइस आणि दक्षिण कोरियातला कोसाइन-१०० या प्रयोगांनी सोडियम आयोडाइडच वापरलं, आणि दोघांच्याही नोंदींत हा चढउतार नाही!

डामा दर वर्षाच्या नोंदींतून त्या वर्षाची सरासरी वजा करतो. पार्श्वभूमी (कृष्णद्रव्याशिवाय इतर किरणोत्सार वगैरेंमुळे होणाऱ्या नोंदी) हळूहळू बदलत असेल तर नुसत्या या वजाबाकीने करवतीच्या दातांसारखा खोटा चढउतार उमटतो. कोसाइनने हीच रीत स्वतःच्या नोंदींना लावली. चढउतार उमटला, पण नेमका उलटा, कारण त्यांची पार्श्वभूमी घटत जाते. डामाशी जुळवायचा तर ती वाढत जायला हवी.

वाढेल कशी? स्फटिकातली किरणोत्सारी अशुद्धी म्हणजे ट्रिटियम आणि शिसे-२१०, दोन्ही घटणारे. शिशातून पोलोनियम-२१० साठतं खरं, पण त्याचं अर्धायुष्य १३८ दिवस. वर्ष-दीड वर्षात ते स्थिरावणार, २० वर्षं कुठून पुरणार? शिवाय त्याच्या अल्फा कणांची ऊर्जा, डामाला चढउतार दिसतो त्या २ ते ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्टीच्या कितीतरी वर. फोटोमल्टिप्लायरचा (ठिणगीचा उजेड टिपणाऱ्या नळीचा) गोंगाट वाढत जातो, असं धरता येईल का?

दुसरी शंका छोटी. धक्का खाल्लेला सोडियमचा अणुगर्भ इलेक्ट्रॉनपेक्षा खूप कमी उजेड पाडतो. हे प्रमाण स्फटिकागणिक बदलत असेल तर डामाची नि अनाइसची पट्टी एकच धरायची का? की ही नुसती पळवाट?

व्याख्यान पुढच्या शनिवारी आहे. समीकरणं चालतील. फक्त लिंक टाकून 'हे वाचा' म्हणू नका, वाचूनच इथे आलोय.