पासवर्ड बंद केला तरी चालूच! एसएसएच नेमकं कुठल्या फाइलचं ऐकतं?

शिरोलीकर
मंडळी, डोकं चालेना झालंय. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा छोटा सर्व्हर मी बघतो. भाड्याची क्लाउड मशीन, उबंटू २२.०४. लॉगमध्ये रात्रभर कोण कोण पासवर्ड लावून बघतंय, म्हणून ठरवलं की आता फक्त कीनं (पासवर्डऐवजी लॅपटॉपवर ठेवलेल्या किल्लीच्या फाइलनं) लॉगिन. एसएसएच (लांबनं सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) ची सेटिंगची फाइल, एसएसएचडी_कॉन्फिग, उघडली, पासवर्डऑथेंटिकेशनपुढं 'नो' लिहिलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली. तीनदा. शेवटी मशीनच रिबूट केली. घरी राजारामपुरीत येऊन दुसऱ्या लॅपटॉपवरनं बघतो तर पासवर्ड मागतंय, आणि घेतंय पण! मालक विचारतात "झालं का?", मी म्हणतो "होतंय."

कळंबा_११
स्पेलिंग बघा. नाहीतर ओळीपुढचा हॅश (#) काढायचा राहिला असेल, तो असला की ओळ धरत नाही.

शिरोलीकर
दोन्ही बघितलं. 'एसएसएचडी -टी' (लहान टी, फाइलमधल्या चुका तपासतं ते) चालवलं, एका शब्दाची तक्रार नाही.

गुळाची_ढेप
स्पेलिंग चुकलं असतं तर सर्व्हिस उठलीच नसती. तुमची ओळ बरोबर आहे, फक्त उशिरा आली.

त्याच फाइलच्या अगदी वर बघा, इन्क्लूडची एक ओळ असेल. ती म्हणते, एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमधल्या '.कॉन्फ'नं संपणाऱ्या सगळ्या फाइली आधी वाच. क्लाउड मशीनवर तिथं बहुतेक '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' बसलेली असते, क्लाउड-इनिट म्हणजे मशीन उठताना सुरुवातीची सेटिंग भरणारा प्रोग्रॅम, त्याची. आत एकच ओळ: पासवर्डऑथेंटिकेशन येस.

आता एसएसएचचा नियम असा, की एखाद्या सेटिंगची जी किंमत (येस का नो) पहिल्यांदा दिसली ती धरायची, नंतरची सोडून द्यायची. स्टँडवर गारगोटीची गाडी लागली की खिडकीतनं रुमाल टाकतात ना, तसं. 'येस'नं रुमाल टाकलाय, तुमचा 'नो' तिकीट काढून उभा आहे.

यात फसायला होतं, कारण सिस्टमडीचं (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) बरोबर उलटं. तिथं गुळाच्या सौद्यासारखं शेवटची बोली खरी. आणि त्यातही मेख आहे: एक्झेकस्टार्ट, म्हणजे सर्व्हिस कुठल्या कमांडनं उठवायची ती ओळ, बदलायची असेल तर आधी ती रिकामी लिहायची, मग नवी, नाहीतर जुनी आणि नवी दोन्ही धरतं आणि सर्व्हिस अडून बसते. २०१९च्या पुरानंतर शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर उभा करताना मी यावर अख्खी रात्र घातलीय.

उपाय: ५०च्या फाइलला हात लावू नका, क्लाउड-इनिट ती परत लिहू शकतं. '१०-आमचं.कॉन्फ' अशी स्वतःची फाइल करा, त्यात ती एकच ओळ. मुख्य फाइल जशी आली तशी ठेवा, म्हणजे अपग्रेडच्या वेळी 'तुमची ठेवू की नवी घालू' हा प्रश्न येत नाही. फोल्डरची सोय आहेच त्यासाठी. इन्क्लूड ओपनएसएसएचमध्ये ८.२ला, २०२० साली आलं. त्याआधीचे लेख मुख्य फाइलच बदलायला सांगतात, त्यांचा दोष नाही.

मग 'सुडो एसएसएचडी -टी' (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालव), यावेळी कॅपिटल टी. सगळ्या फाइली वाचून शेवटी काय ठरलं ते छापतो. फाइलमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा हे बघायचं. आणि दादा, सर्व्हिस रीलोड करताना जुनी लॉगिनची खिडकी उघडी ठेवा, दुसरीतनं की चालते का बघा, मगच ती बंद करा.

कळंबा_११
आकड्यांचं काय? १०० नाव दिलं तर ५०च्या नंतर वाचेल ना?

गुळाची_ढेप
नाही. नावं अक्षरांनी लावतात, आकडा म्हणून नाही. एक पाचाच्या आधी, म्हणून १०० आधी. दोन-दोन आकडेच वापरा. आणि '.कॉन्फ'ची सवय सगळीकडे नेऊ नका. सुडोअर्स.डीमध्ये (कुणाला सुडोनं काय चालवता येईल ते लिहायचं फोल्डर) नावात टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही, चूकही दाखवत नाही.

शिरोलीकर
झालं! कॅपिटल टीनं आधी 'येस' छापलं, तेव्हा खरं वाटलं. १०ची फाइल केली, आता 'नो'. लॅपटॉपवरनं परमिशन डिनाइड, काय बरं वाटलं म्हणून सांगू.

एक विचारू? गेल्या वर्षी अकाउंटच्या पोराला फक्त बॅकअप चालवायची परवानगी म्हणून सुडोअर्स.डीत 'बॅकअप.कॉन्फ' केली होती मी. म्हणजे ती...

गुळाची_ढेप
एकदाही वाचली गेली नाही. मग पोरगा बॅकअप घेतो कसा?

शिरोलीकर
विचारून सांगतो.