‘खटला चालवाल तर गुपितं बाहेर येतील’: हा बचाव की ब्लॅकमेल?

उलटतपासणी:
अमेरिकेत हेरखात्यातल्या माणसावर खटला भरला की त्याचा वकील म्हणतो, बचावासाठी गोपनीय कागद भर कोर्टात दाखवावे लागतील. सरकार कचरतं, आरोप गळतात. तिथे याला ‘ग्रेमेल’ म्हणतात. माझ्या लेखी ही सरळ धमकी आहे, आणि १९८० च्या ‘सीपा’ कायद्याने (खटल्यात गोपनीय माहिती कशी हाताळायची ते ठरवणारा कायदा) तिची नांगी ठेचली. कलम ५ नुसार कोणती गोपनीय माहिती वापरणार ते आरोपीने आधी लेखी कळवायचं. कोर्टाने मुदत ठरवली नसेल तर खटल्याच्या किमान ३० दिवस आधी. मोघम नोटीस चालत नाही. हे पाळलं नाही तर ती माहिती पुराव्यातून वगळली जाऊ शकते.

दप्तरी:
नांगी ठेचली म्हणता, मग १९८९ मध्ये जोसेफ फर्नांडेझ कसा सुटला? सीआयए या हेरखात्याचा कोस्टा रिकातला प्रमुख, इराण-काँट्रा प्रकरणात (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना पुरवल्याचं प्रकरण) खोटं बोलल्याचा आरोप. आपली विधानं खरी होती हे दाखवायला त्याला तिथल्या प्रकल्पांचा तपशील हवा होता. मूळ कागदांऐवजी सरकारने दिलेला सारांश न्यायाधीशांनी अपुरा ठरवला, ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) थॉर्नबर्ग मूळ माहिती उघड करू देईनात. खटला रद्द! यात धमकी कुठे आली? बचावाचा पुरावाच गोपनीय असेल तर आरोपीने काय करायचं?

उलटतपासणी:
एका फर्नांडेझवरून नियम बनत नाही. लिबीचं बघा: उपराष्ट्राध्यक्ष चेनींचा मुख्य सहायक, सीआयएच्या एका अधिकाऱ्याचं नाव फुटल्याच्या तपासात खोटं बोलल्याचा आरोप. ‘कामाच्या रगाड्यात विसरलो’ हा त्याचा बचाव, म्हणून त्याने राष्ट्राध्यक्षांना रोज मिळणारे गुप्त अहवाल मागितले. कोर्टाने ‘सीपा’च्या कलम ६ खाली मूळ अहवालांऐवजी सारांशावर भागवलं. पुढे तो साक्षीला उभाच राहिला नाही, तेव्हा तो सारांशही ज्यूरीपुढे गेला नाही. २००७ मध्ये पाचपैकी चार आरोपांत दोषी.

तिसरा_बाक:
दोघेही सरकारला फार सहज सोडताय. फर्नांडेझवर खटला भरणारा ‘स्वतंत्र वकील’, म्हणजे या प्रकरणासाठी वेगळा नेमलेला सरकारी वकील होता आणि गुपितांची किल्ली ॲटर्नी जनरलकडे. माहिती अडवली तर खटला रद्दच व्हायला हवा असंही नाही: कलम ६ खाली न्यायाधीश ठरावीक आरोप वगळू शकतो किंवा त्या मुद्द्यावर सरकारविरुद्ध निष्कर्ष काढू शकतो. यातलं काहीही झालं तरी फायदा आरोपीचाच; म्हणजे हेरखात्याला आपला माणूस वाचवायचा असेल तर कागद दाबून ठेवले की झालं. आरोपीला धमकी द्यायचीही गरज नाही.

उलटतपासणी:
म्हणजे दोष कायद्याचा नाही, ॲटर्नी जनरलचा. माझा मुद्दा तसाच उभा आहे.

दप्तरी:
त्याला तो अधिकार कायद्यानेच दिलाय, साहेब.