झान मोरो यांचा कोणता चित्रपट आधी दाखवावा?

प्रश्न: पुण्यातील आमच्या फिल्म क्लबमध्ये या फ्रेंच अभिनेत्रीचे मोजके चित्रपट दाखवायचे आहेत. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर: लुई माल यांच्या १९५८ च्या ‘एलिव्हेटर टू द गॅलोज’पासूनच सुरुवात करावी. एरवी जाड मेकअपखाली झाकला जाणारा मोरो यांचा चेहरा, रात्रीच्या पॅरिसमध्ये प्रियकराला शोधत त्या वणवण फिरताना, छायाचित्रकार आन्री दकाए यांनी दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडात टिपला आहे. ती दृश्ये मोठ्या पडद्यावरच पाहावीत.

उत्तर: सहमत. त्यानंतर अंतोनिओनी यांचा ‘ला नोत्ते’ (१९६१) आणि त्रुफो यांचा ‘ज्यूल ए जिम’ (१९६२) लागोपाठ दाखवावेत. पहिल्यात त्या आतून विझलेल्या, तर दुसऱ्यात उधाणलेल्या दिसतात.

उत्तर: त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘ल्युमिएर’ (१९७६) कृपया वगळू नये.