आस्तिक-नास्तिक वादात आपण कुठल्या बाकावर? (अनुभव धागा)

वऱ्हाडी वाटसरू

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत ‘देव आहे की नाही’ या विषयावर वादसभा झाली. आस्तिकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गृहस्थांनी गणपती, विठोबा आणि कुलदेवीचे दाखले दिले, आणि नास्तिक वक्त्यांनी त्याच तिघांची उलटतपासणी घेतली. दोघांचाही देव एकच होता; एकाला तो हवा होता आणि दुसऱ्याला नको होता, इतकाच काय तो फरक. सभागृहात बसल्याबसल्या मला शाळेतला एक प्रसंग आठवला, म्हणून हा धागा काढत आहे.

आमचे घर महानुभाव पंथाचे, म्हणजे लोकांच्या भाषेत मानभाव. पाटीपूजनाच्या दिवशी गुरुजी प्रत्येकाच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा आणि चिमूटभर साखर ठेवत होते. अन्य देवतेचा प्रसाद घ्यायचा नाही हे घरी पक्के शिकवलेले असल्यामुळे मी हात मागे घेतला, तेव्हा गुरुजींनी विचारले, “काय रे, नास्तिक झालास काय?” वर्ग हसला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण फेकली. घरी येऊन आजीला सांगितले, तर ती म्हणाली, “आपण देव मानतो, म्हणूनच देवता मानत नाही.”

आजीच्या या वाक्यामागे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी मांडलेला विचार आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही नित्य आणि एकमेकांपासून वेगळे आहेत. देवतांच्या उपासनेने मिळणारे फळ कधीतरी संपते, मोक्ष मात्र केवळ परमेश्वरच देऊ शकतो. महाविद्यालयात नास्तिक मित्रांनी मी आरतीला उभा राहत नाही हे पाहून मोठ्या प्रेमाने मला आपल्यात घेतले. पुढे मी चैत्रात आमच्या पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला जाऊन स्थानाला दंडवत घालतो हे कळल्यावर त्यांचे चेहरे असे पडले, की जणू मीच त्यांची फसवणूक केली होती.

तुमची श्रद्धा किंवा अश्रद्धा अशीच मधल्या बाकावरची असेल, तर सविस्तर लिहा.

निळी पहाट

आमच्याकडे याच्या नेमके उलटे घडते. आम्ही बौद्ध. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर होती. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी असल्यामुळे नास्तिक मंडळी आम्हाला जन्मतःच आपल्या पक्षात धरून चालतात. घरातले टाक आणि मूर्ती आजोबांनी नदीत सोडल्या, तेव्हा भिंतीतला देवळीचा कोनाडा रिकामा झाला. आजीने तिथे रॉकेलची चिमणी ठेवली आणि चिमणीच्या मागे रेशनकार्ड उभे केले. त्या काजळी धरलेल्या कोनाड्यात पुन्हा काही मांडायचे नाही, हा तिचा शब्द होता; बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर तिने समोरच्या भिंतीवर लावली.

आता माझा प्रश्न. मी त्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणते, तेव्हा माझा एक बुद्धिवादी सहकारी “शेवटी तुम्हीही पूजाच करता ना” असे विचारतो. दुसरी सहकारी म्हणते, “तुमचा धर्म म्हणजे राजकारण, त्यात श्रद्धा कुठे आहे?” एकाच्या लेखी माझी श्रद्धा जास्त आहे आणि दुसरीच्या लेखी पुरेशी नाही. या दोघांनी आधी आपसांत ठरवावे आणि मग मला कळवावे, असे मी दोघांनाही एकाच वेळी जेवणाच्या डब्यावर सांगितले.

पोळपाट

निळी पहाट, डब्यावरचा तो प्रसंग मनापासून आवडला. कणीक मळता मळता वाचत असल्यामुळे माझा अनुभव रात्री लिहिते.

कार्ले खिंड

मी मूळचा अलिबाग तालुक्यातला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू असून सध्या माझा मुक्काम इस्रायलमध्ये लोद येथे आहे. आमच्या पूर्वजांचा धंदा तेल गाळण्याचा आणि सुट्टी शनिवारची, म्हणून गावात आम्ही शनिवार तेली. शेजारी आम्हाला देव दाखवा म्हणायचे आणि आमच्याकडे दाखवण्यासारखे काहीच नसायचे. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचने ठेवलेली छोटी डबी असे, तिला बोटे लावून ती ओठांना लावायची, एवढेच बाहेरच्याला दिसे. गावातले एक समाजवादी मास्तर वडिलांना गमतीने म्हणत, “मूर्ती टाकलीत, आता निराकार तेवढा टाका, म्हणजे आमच्यात याल.” वडील हसून त्यांना मलिद्याचे ताट देत, आणि मास्तर ते निःशंकपणे संपवत. नवस फिटला, लग्न ठरले, कुणी परदेशी निघाले, की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने आमच्याकडे मलिदा होतो.

इथे आल्यावर वेगळाच पेच दिसला. माझे अर्धे शेजारी देव मानत नाहीत, पण योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, त्यांतले कित्येक जण पाणीही पीत नाहीत, आणि त्यांच्या ज्यू असण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उलट आमच्या लोकांनी दीर्घ काळ कोकणात शब्बाथ आणि सुंता जपली, तरी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या धर्मपीठाने आमच्या लग्नांसाठी वंशावळी तपासण्याचे ठरवले. लोकांनी धरणे धरले आणि १९६४ मध्ये संसदेने आम्ही सर्व बाबतींत इतरांसारखेच ज्यू असल्याचा ठराव केला. या साऱ्या प्रकरणात ‘तुम्ही देव मानता का’ हा प्रश्न कुणालाही विचारावासा वाटला नाही. त्यामुळे आस्तिक-नास्तिक वाद हा ज्यांच्या नागरिकत्वाला आणि सोयरिकींना धक्का लागत नाही अशांचा निवांत वेळेतला वाद आहे, असे माझे मत झाले आहे. ते एकांगी असेल, पण ते अनुभवातून आले आहे.

पोळपाट

विषयांतराबद्दल क्षमस्व, परंतु मलिद्यात नेमके काय असते? आमच्याकडे दर्ग्यावरचा मलिदा चपातीचा चुरा आणि गूळ यांचा करतात.

कार्ले खिंड

पोळपाट, आमचा पोह्यांचा. पोहे भिजवून त्यात ओले खोबरे, साखर, वेलदोडा आणि सुकामेवा घालायचा आणि वर किमान पाच प्रकारची फळे मांडायची. खोबरे हात राखून घालू नये.

नको ती शंका

धाग्यातला एकमेव निखळ नास्तिक बहुधा मीच आहे, त्यामुळे थोडा विरोध नोंदवतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात स्वतःची नोंद नास्तिक अशी करून घेणारे जेमतेम ३३ हजार होते. ज्या समाजाने आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहायला लावली आणि २०१३ मध्ये ज्याच्या देखत दाभोलकरांचा खून झाला, तिथे आमचा वाद ‘निवांत वेळेतला’ ठरवणे मला पटत नाही. अल्पसंख्य श्रद्धांचा हिशेब मांडताना आमचीही गणना अल्पसंख्यांत करावी.

मूळ तक्रार मात्र रास्त आहे. आमच्या लोकांना बहुसंख्यांच्या देवाचे खंडन पाठ असते आणि दुसऱ्या कुणाचा देव समोर आला की आमची पंचाईत होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे दाभोलकर आणि अभिनेते डॉ. श्रीराम लागू हे ‘विवेकजागर’च्या वादसंवादात एकाच व्यासपीठावर बसत. लागू म्हणत की परमेश्वराला आता निवृत्त करावे, तर दाभोलकर सांगत की त्यांची चळवळ देवाधर्माबाबत तटस्थ असून तिचा विरोध शोषणाला आहे. तरुणपणी मला लागूंची बाजू स्वच्छ आणि दाभोलकरांची बोटचेपी वाटे. आजही माझे मत लागूंकडे झुकते, पण गावात काम करायचे झाल्यास मी दाभोलकरांची बाजू घेऊन जाईन.

वाशिष्ठी

मी चिपळूणकडची आहे आणि मुस्लिम घरातली आहे. एवढ्यावरून माझे मत काय असावे, याचा अंदाज काहींनी बांधलाही असेल. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई आमच्याच भागातले, मिरजोळीचे. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, तेव्हा त्यांच्यावर दोन बाजूंनी प्रेम आणि राग यांचा वर्षाव झाला, आणि त्यातले प्रेमही पुष्कळदा चुकीच्या कारणासाठी होते. माझेही तसेच होते. मला नमाज जमत नाही, रोजे मी ठेवते, आणि मृत्यूनंतर काही असते यावर माझा विश्वास नाही. हे मी अम्मीला सांगितले आहे. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी सेहरीला उठवायला आली.

कार्यालयात मात्र मी हे सांगत नाही. एकदा सहज बोलून गेले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत असे दोघे होते, ज्यांना निरीश्वरवादाशी काडीचे देणेघेणे नव्हते; त्यांना माझ्या तोंडून माझ्या लोकांची निंदा ऐकायची होती. माझी शंका माझ्या मोहल्ल्यावर फेकायचा दगड म्हणून वापरली जाणार असेल, तर ती मी घरातच ठेवीन. ‘नको ती शंका’ यांनी यावर विचार करावा, असे आग्रहाने सुचवते.

नको ती शंका

वाशिष्ठी, याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. आपली टाळी कुठल्या कारणासाठी वाजते आहे, हे टाळी वाजवणाऱ्याने तपासायला हवे, इतके निर्विवाद मान्य करतो. पण शंका घरातच राहिली, तर घरातल्या दुसऱ्या मुलीला ती एकटीलाच सुचली आहे असे वाटत राहील, याचीही काळजी वाटते.

वाशिष्ठी

ती मुलगी माझी भाची आहे आणि तिला सर्व सांगितलेले आहे.

हातकणंगले

जैन. सृष्टिकर्ता मानत नाही, मंदिरात रोज जातो. दोन्ही पक्षांकडून वर्गणी मागितली जाते आणि मी दोघांनाही देतो.

बावखल

वसईचे कॅथलिक. माझ्या मुलाने महाविद्यालयात असताना मिस्साला येणे सोडले आणि देव मानत नसल्याचे शांतपणे जाहीर केले. त्याच्या वडिलांना तर्काचा त्रास झाला नाही, “उद्या याची माती कुठे होणार?” हा त्यांचा प्रश्न होता. आमच्याकडे चर्चच्या दफनभूमीत आजोबा-पणजोबा ओळीने आहेत. बहुसंख्यांतला नास्तिक मेला तर स्मशान सगळ्यांचेच असते. आमच्या मुलाला देव नाकारताना आजोबांच्या शेजारची जागाही नाकारावी लागते की काय, ही भीती वादसभेत कुणाच्याच गावी नसते.

त्याने लग्न विशेष विवाह कायद्याखाली केले. तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागली आणि गावातल्या लोकांनी ती निकालपत्रकासारखी वाचली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जात ‘धर्म नाही’ असे लिहिण्याचा हक्क मान्य केला, त्या निकालाचे कात्रण त्याने जपून ठेवले आहे. त्या खटल्यातले याचिकाकर्ते येशूला मानणारे होते, त्यांना फक्त धर्माचे नाव लावायचे नव्हते. हे मी नवऱ्याला वाचून दाखवले, तेव्हा ते प्रथमच म्हणाले, “मग असे लोक असतात तर.”

निळी पहाट

बावखल, दफनभूमीचे पुढे काय ठरले?

बावखल

काही ठरलेले नाही. नाताळच्या आदल्या रात्री तो गायनवृंदात तबल्यावर साथ करतो आणि फादर त्याला शाल देतात. त्यापुढचे कुणीही विचारत नाही.

पोळपाट

मूळ लेखकांना एक प्रश्न आहे. येत्या जनगणनेत आपण धर्माच्या रकान्यात काय सांगणार? मागच्या वेळी सहा धर्मांना क्रमांक होते आणि बाकीच्यांचे नाव अक्षरांत लिहायचे होते.

वऱ्हाडी वाटसरू

मागच्या खेपेस वडिलांनी ‘हिंदू’ सांगितले आणि काकांनी ‘महानुभाव लिहा’ असा हट्ट धरला, तेव्हा प्रगणक बाईंनी पेन थांबवून “एका घरात एकच सांगा हो” अशी विनंती केली. वास्तविक धर्म प्रत्येक माणसाचा स्वतंत्र नोंदवायचा असतो, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आले नाही. यंदा काका आधीपासून तयारीत आहेत. माझे स्वतःचे ठरलेले नाही.