सहाव्या लेव्हलची विझर्ड, खजिन्यातल्या सहा वस्तू, उचलायच्या फक्त दोन

शाई_सांडली:

गेल्या खेपेला आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायचा खेळ) टेबलावर एकदाचा ड्रॅगन मेला. मारला पॅलाडिनने; मी तेव्हा शून्य हिट पॉइंट्सवर आडवी पडले होते, त्यामुळे शेवट ऐकीव माहितीवर आहे. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) खजिना उघडला आणि माझ्यापुढे सहा वस्तू ठेवल्या. त्यातल्या दोन माझ्या. उरलेल्या बाकीच्यांना हव्या असतील तर त्यांच्या, नाहीतर विकायच्या.

डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. डिव्हिनेशन विझर्ड, सहावी लेव्हल, इंटेलिजन्स १८, कॉन्स्टिट्यूशन १२, हिट पॉइंट्स ३२. क्लोक ऑफ प्रोटेक्शन आधीच अंगावर आहे, म्हणजे अट्यूनमेंटच्या (जादूच्या वस्तूशी स्वतःला जोडून घेण्याच्या) तीनपैकी एक जागा गेली. पार्टीत पॅलाडिन, क्लेरिक आणि रोग. (हो, क्लासचं नाव. त्यावरचे सगळे विनोद आमच्याकडे करून झालेत.)

समोर आहेत: वाँड ऑफ द वॉर मेज +१, पर्ल ऑफ पॉवर, वाँड ऑफ फायरबॉल्स, हेडबँड ऑफ इंटेलेक्ट, ब्रूम ऑफ फ्लाइंग, रिंग ऑफ स्पेल स्टोअरिंग.

खरं सांगायचं तर माझा जीव फायरबॉलच्या वाँडवर जडलाय. सात चार्जेस! माझे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (एका स्लॉटला एक स्पेल) मोजून तीन. पण मी पडले कशी ते सांगते, म्हणजे तुम्हालाही अंदाज येईल. ड्रॅगनच्या आधी त्याचे पाळलेले पाच ओगर होते. हिप्नॉटिक पॅटर्न (भुलवून खिळवणारा स्पेल) टाकला, चार ओगर तोंड वासून उभे. काय छान वाटलं होतं! तेवढ्यात पाचव्याने भाला फेकला, नऊ डॅमेज. कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (स्पेल टिकवायला टाकायचा फासा), डीसी १०, म्हणजे बोनस धरून दहा हवेत. माझा बोनस +२. फासा पडला सातवर. एकाने गेलं. पोर्टेंटचे (डिव्हिनेशनवाल्यांना आधीच टाकून ठेवता येणारे) दोन्ही फासे सकाळीच एका दाराच्या कुलपावर उधळले होते. चारही ओगर जागे झाले आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

तर कोणत्या दोन घेऊ?

वीस_आलाच_नाही:

फायरबॉल. यात विचारायचं काय? ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), वीस फूट त्रिज्या, आणि स्लॉट शिल्लक. दुसरी वस्तू कोणतीही घे, फरक पडत नाही.

पडद्याआडचा:

मी बहुतेक वेळा डीएम असतो, म्हणून पलीकडच्या बाजूने बोलतो.

तुझी अडचण तू स्वतःच लिहिली आहेस आणि मग वाँडकडे बघत बसली आहेस. तुझा डॅमेज कमी पडला नाही, तुझं कॉन्सन्ट्रेशन तुटलं. +२ बोनसवर डीसी १० म्हणजे फाशावर आठ किंवा वर हवा. दर घावाला ३५ टक्के वेळा सगळा डाव कोसळणार. हे डोक्यात ठेवून एकेक वस्तू हातात घे.

हेडबँड आधी बाजूला काढ. तो इंटेलिजन्स १९ करतो. तुझा १८ आहे. १८ चा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +४, १९ चाही +४. कपाळाला एक दागिना आणि अट्यूनमेंटची एक जागा वाया, यापलीकडे काही नाही.

वॉर मेजच्या वाँडला लोक नेहमी फसतात. तो फक्त स्पेल अटॅक रोलला बोनस देतो, सेव्ह डीसीला (शत्रूला गाठाव्या लागणाऱ्या आकड्याला) नाही. तुझ्या यादीत अटॅक रोल लागणारं काय आहे? बहुधा एकटा फायर बोल्ट. या लेव्हलला तो २डी१०, सरासरी ११. +१ म्हणजे वीसात एकदा जास्त लागणार, म्हणजे दर फेकीला सरासरी अर्धा पॉइंट. अर्ध्या कव्हरकडे दुर्लक्ष करता येतं हे खरं, पण तेवढ्यासाठी एक जागा अडवायची? वॉरलॉक असतीस, दर राउंडला एल्ड्रिच ब्लास्ट फेकत असतीस, तर गोष्ट वेगळी होती.

पर्ल प्रामाणिक वस्तू आहे. रोज एक स्लॉट परत, तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा. तीनाचे चार झाले. वापरायला एक अ‍ॅक्शन जाते, म्हणून दोन लढायांच्या मधे वापरायचा. काहीच सुचलं नाही तर हा घेऊन कोणी पस्तावत नाही.

आता तुझा लाडका वाँड. त्याचा डीसी १५ त्याच्यावरच कोरलेला आहे. आज तुझाही १५ आहे, म्हणून कळत नाही. आठव्या लेव्हलला इंटेलिजन्स २० केलास की तुझा १६, नवव्याला १७, वाँड मात्र १५ वरच. आणि खरी मेख इथे आहे: डीसी वाँडचा असेल तर त्याला विझर्डची गरजच काय? अट फक्त स्पेलकास्टर असण्याची आहे. क्लेरिकला दे! तो स्पिरिट गार्डियन्स (भोवती फिरणारे रक्षक आत्मे) लावून फिरत असणार, त्याची अ‍ॅक्शन तशीही मोकळी असते. शिवाय तू हिप्नॉटिक पॅटर्नने गारद केलेल्यांवर तूच फायरबॉल टाकणार का? डॅमेज झालं की ते जागे होतात.

ब्रूम. याला अट्यूनमेंट लागत नाही, वेग ५० फूट. हेच फ्लाय स्पेलने करायचं तर तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट जातो आणि कॉन्सन्ट्रेशनही अडकतं. वर बसलीस की गदावाले खालीच राहिले. भाले आणि बाण येतील, आणि बेशुद्ध झालीस तर दर दहा फुटांना १डी६ मिळेल, ते आहेच. पण पॅटर्न चालू ठेवून उडता येणं ही चैन आहे.

रिंगमध्ये एकूण पाच लेव्हलचे स्पेल मावतात. तुझा हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) आणि दोन शील्ड भर आणि रोगच्या बोटात घाल. हेस्टचं कॉन्सन्ट्रेशन तो सांभाळेल, तू नाही. तू त्याच वेळी पॅटर्न धरून बसू शकतेस. एकाच लढाईत तुझे दोन कॉन्सन्ट्रेशन स्पेल चालू! भरायला तुझेच स्लॉट जातात, पण ज्या दिवशी लढाई नाही त्या दिवशी उरलेले स्लॉट कुठे पुरणार होतीस?

मी ब्रूम आणि रिंग घेतली असती. डीएम म्हणून मात्र ब्रूम कधीच दिली नसती. चार्जेस मला मोजता येतात. उडणारी विझर्ड नाही मोजता येत.

जुनी_चोपडी:

वरचं सगळं बरोबर, पण दहा फुटांवर फुकटची वस्तू उभी आहे तिच्याकडे कोणीच बघत नाही. पॅलाडिन! सहाव्या लेव्हलला त्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो. त्याच्या दहा फुटांत असाल तर सगळ्या सेव्हना त्याचा करिश्मा मिळतो. +३ धरला तर तुमचा कॉन्सन्ट्रेशन बोनस +५, चुकण्याची शक्यता ३५ वरून २० टक्के. अट्यूनमेंट नाही, चार्ज नाही.

आणि काहीही अट्यून करण्याआधी डीएमचा चेहरा नीट बघा. आयडेंटिफाय स्पेलने वस्तूवरचा शाप कळत नाही.

(१९७८ च्या पुस्तकातला मॅजिक-युजर लेव्हलमागे चार बाजूंचा फासा फेकायचा. तुमचे ३२ हिट पॉइंट्स वाचून मला हेवा वाटला.)

शाई_सांडली:

हेडबँडचं कळल्यावर मी कपाळाला हात लावला. मी तो जवळजवळ घेतला होता, नुसत्या नावाला भुलून.

@जुनी_चोपडी, ऑरा माहीत आहे, करिश्मा +३च आहे, पण जिथे पॅलाडिन तिथे ओगर. त्यांची गदा २डी८+४. दहा फुटांत उभी राहिले तर सेव्ह करायची वेळच येणार नाही, सरळ आडवी.

जुनी_चोपडी:

मग ब्रूमवर बसून ऑरात राहा. बरोबर त्याच्या डोक्यावर नको. ओगर स्वतः दहा फुटांचा चौकोन व्यापतो, वर पाच फुटांची पोच, हात लागेल. त्याच्या मागे दोन चौकोन आणि वर दोन चौकोन (ग्रिडचा चौकोन पाच फुटांचा). साध्या ग्रिडवर तिरकं अंतरही तेवढंच मोजतात, त्यामुळे दहा फूटच भरतं. ओगरला मात्र तुम्ही पंधरा फूट लांब; पॅलाडिनला ओलांडून तुमच्या खाली आला तरच हात लागेल.

वीस_आलाच_नाही:

लोक खेळायला बसतात की भूमितीला?

पडद्याआडचा:

याच कारणासाठी मी ब्रूम देत नाही.

शाई_सांडली:

दोन सेशन्स झाली, सांगायचं राहिलं होतं.

ब्रूम आणि रिंग घेतली. पर्ल पॅलाडिनने उचलला, त्याला स्माइटसाठी (घावाला जोडायच्या जादूच्या फटक्यासाठी) स्लॉट कधीच पुरत नाहीत. वाँड क्लेरिकला. देताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. हेडबँड आणि दुसरा वाँड विकले.

दोन मागे, दोन वर, तशीच बसले होते. डीएमने पट्टी काढून मोजलं, मग कागदावर चित्र काढलं, मग काहीच बोलला नाही. धनुष्यवाल्याचा बाण लागला, आठ डॅमेज, पुन्हा डीसी १०. फासा पडला पाचवर. माझा एक, क्लोकचा एक, पॅलाडिनचे तीन. बरोब्बर दहा. मी खुर्चीतून उठून पॅलाडिनला टाळी दिली. पॅटर्न टिकला, सहा जण तसेच डुलत उभे.

रोग तिकडे हेस्ट लावून उजव्या बाजूच्या धनुष्यवाल्यांमध्ये घुसला होता. क्लेरिकने विचारलं, "वीस फूट म्हणजे आरपार वीस ना?" आम्ही "त्रिज्या" म्हणेपर्यंत त्याने चार्ज खर्च केला होता. ३० डॅमेज. रोगचा डेक्स्टेरिटी सेव्ह लागला म्हणून निम्मे, १५, पण त्यावरच्या कॉन्सन्ट्रेशनच्या सेव्हला फासा पडला दोनवर. हेस्ट तुटला, पुढचा अख्खा टर्न तो जागच्या जागी खिळून उभा, तीन धनुष्यवाल्यांच्या मधोमध. असा फटका पूर्ण चुकवू देणारं एव्हेजन सातव्या लेव्हलला येतं. आम्ही अजून सहाव्याला.

रोग वाचला. पण अंगठी परत घे म्हणतोय, आणि वाँड क्लेरिककडून काढून कोणालाही द्या, अगदी मला दिला तरी चालेल, असंही म्हणतोय.