मदत हवी आहे: आजी-नातीच्या रोड मूव्हीतलं तिसरं पात्र

आजी आणि नात गाडीने निघतात, अशी पटकथा लिहितेय. वाटेत एक कर्णबधिर तरुणी सोबत येते आणि घोडं तिथेच अडलंय. प्रत्येक प्रसंगात ती आजीला शहाणं करायलाच आल्यासारखी वाटते; तिला स्वतःचं काही हवंच नाही! २०१५च्या 'ग्रँडमा' या इंग्रजी चित्रपटात आजी समलिंगी आहे, पण कथा पळते ती नातीसाठी दिवसभरात पैसे उभे करण्याच्या धडपडीवर. तसं काही हवंय.

शिवाय गाडी आजी चालवते, ही मागच्या सीटवर. सांकेतिक भाषेत बोलणार कसं? आरसा ठीक, पण रात्री? आतला दिवा लावला की समोरचा रस्ता नीट दिसत नाही. कुणी कर्णबधिर असाल किंवा असा प्रवास केला असेल, तर प्रत्यक्षात काय करता, सांगाल का?