मदत हवी आहे: सी भाषेत मॅक्रोतल्या (#डिफाइनने नाव दिलेल्या) आकड्याची स्ट्रिंग (मजकूर) कशी करायची?

नमस्कार मंडळी,

अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी सोसायट्यांच्या टाक्यांसाठी पंप कंट्रोलरचा प्रोग्राम लिहिते. खालची टाकी रिकामी झाली की पंप थांबायला हवा. जुन्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) तो कोरडाच चालत राहायचा. 7 व्या आवृत्तीत ते दुरुस्त केलं. कुठल्या इमारतीत कोणती आवृत्ती आहे ते कळावं म्हणून बोर्ड सुरू होताना एलसीडीवर आकडा दाखवायचा आहे. (नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, मूळ कोड इंग्रजीतच आहे.)

#डिफाइन आवृत्ती 7
#डिफाइन अक्षरी(क्ष) #क्ष

दाखव("फर्मवेअर " अक्षरी(आवृत्ती));

यायला हवं 'फर्मवेअर 7', येतं 'फर्मवेअर आवृत्ती'. काल गिरगावातून वायरमनकाकांनी फोनवर तेच वाचून दाखवलं. 6 वर आणि 7 वर हेच दिसतं, त्यामुळे तिथे दुरुस्ती पोचली की नाही ते मला सांगता आलं नाही. पंप जळला तर अख्ख्या इमारतीचं पाणी बंद, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

स्प्रिंटएफ (चालू प्रोग्राममध्ये आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन) जागेमुळे परवडत नाही. चिप एटमेगा 8, फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) 8 केबी, बहुतेक भरलेली. आकडा आणि स्ट्रिंग वेगवेगळी लिहायची नाही, एक बदलून दुसरी राहून जाईल.

प्रतिसाद 1:
ताई, मॅक्रोच्या व्याख्येत ज्या पॅरामीटरला # लागतो, त्याच्या जागी आलेलं नाव प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी मॅक्रोंच्या जागी मजकूर बसवणारा टप्पा) उलगडत नाही, म्हणजे त्याची किंमत घालत नाही, जसंच्या तसं अवतरणात घालतो. ## (दोन तुकडे जोडणारं चिन्ह) असेल तरही नाव उलगडत नाही. एरवी तो आधी उलगडतो, मग बसवतो. म्हणून मध्ये एक पायरी घाला:

#डिफाइन अक्षरी_आत(क्ष) #क्ष
#डिफाइन अक्षरी(क्ष) अक्षरी_आत(क्ष)

बाहेरच्यात # नाही, त्यामुळे 'आवृत्ती'चे 7 तिथेच होतात आणि आतल्याच्या हाती 7 पडतो. शेजारच्या दोन स्ट्रिंग कंपायलरच जोडतो, चिपवर काहीच काम वाढत नाही. मात्र 7 ऐवजी (6+1) लिहिलंत तर तेच छापलं जाईल, इथे बेरीज होत नाही. ईनम (आकड्यांना नावं देण्याची सीची दुसरी सोय) दिलंत तर त्याचं नावच दिसेल, कारण प्रीप्रोसेसरला ईनम ठाऊकच नसतो. शंका आली की जीसीसीला कॅपिटल -ई देऊन उलगडलेला कोड वाचा.

धागाकर्ती:
'फर्मवेअर 7' आलं! मनापासून आभार. आता आकडा मेकफाइलमधून (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधून) कॅपिटल -डी ने, म्हणजे कंपायलरला बाहेरून मॅक्रो सांगून, देणार आहे. द्यायचा राहिला तर पुन्हा नावच छापलं जाईल ना? #इफनडेफ (नाव ठरवलेलं नसेल तर) आणि #एरर (बिल्ड थांबव) पुरेल?

प्रतिसाद 1:
अर्धवट पुरेल. -डी पुढे नाव लिहून '=7' विसरलात तर किंमत 1 होते, आणि ते #इफनडेफला कळत नाही. '#इफ आवृत्ती < 7' लिहून त्याखाली #एरर टाका. #इफ मध्ये अनोळखी नाव 0 धरलं जातं, त्यामुळे दोन्ही चुका बिल्डमध्येच अडतील.